आईवडिलांना शहरात आणताना: घर शोधण्यापासून पहिल्या सहा महिन्यांपर्यंत

कोरेगाव तालुक्यातलं घर बंद करून आई-अण्णांना पुण्यात आणायचं ठरलं तेव्हा अण्णा ऐंशीचे होते, आई चौऱ्याहत्तरची. मी चारचौघांसारखंच केलं. आधी फ्लॅट बघत सुटलो. दोन महिने शनिवार-रविवार कोथरूड, वारजे, सिंहगड रोड. कार्पेट किती, पार्किंग आहे का, गॅलरीतून डोंगर दिसतो का. एकदा आईला सोबत नेलं. तिने डोंगराकडे बघितलंसुद्धा नाही. बेडरूममधून संडासापर्यंत चालत गेली, दारातल्या चार इंचांच्या उंबऱ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "रातीचं मी हितनं कशी जायची?"

तेव्हा कळलं की मी उलट्या टोकाने सुरुवात केली होती. आता कोणी विचारलं की सांगतो, आधी माणसाचा दिवस बघा, मग त्या दिवसाला बसेल असं घर बघा. खाली आहे ते त्याच क्रमाने.

आधी गावी जाऊन दोन दिवस बसा

वही घेऊन जा. मदत करू नका, नुसतं बघा. किती वाजता उठतात, रात्री किती वेळा उठतात, दिवा लावतात की अंधारात जातात, चहा कुठे बसून पितात, पाणी तापवायला काय उचलतात, कशावर चढतात. विचारून उपयोग नाही. "काही त्रास नाही, सगळं व्यवस्थित आहे" हे उत्तर ठरलेलं असतं.

आमच्याकडे सगळ्यात कामाची माहिती भिंतींनी दिली. मोरीच्या दाराशेजारी चुन्याच्या भिंतीवर तळहाताएवढा काळपट, तेलकट डाग होता. मागच्या पडवीत पायरीपाशी दुसरा, देवघराच्या चौकटीवर तिसरा. वर्षानुवर्षं आई तिथे हात टेकून तोल सावरत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. मी टेप लावून जमिनीपासून प्रत्येक डागाची उंची वहीत लिहिली. पुढे पुण्यात बाथरूममध्ये धरायच्या दांड्या बसवताना सुतार म्हणाला, "साहेब, आपली एक ठरलेली उंची असते." मी वही दाखवली. त्याच्या ठरलेल्या उंचीपेक्षा आईचा हात चांगला दोन इंच खाली होता.

घेऊ नका, आधी भाड्याने राहा

पैसे असले तरी निदान अकरा महिने भाड्याच्या घरात काढा. ऐंशीच्या माणसाला नवं गाव मानवेल की नाही हे कोणालाच आधी सांगता येत नाही, आणि तीन महिन्यांत "मला घरी सोड" असं आलं तर विकत घेतलेला फ्लॅट गळ्यात पडतो. करार लिव्ह अँड लायसन्सचा करा आणि नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार करण्याआधीच मालकाला स्पष्ट विचारा: बाथरूममध्ये दांड्या बसवायला भिंतीला भोकं पाडू द्याल का? आम्हाला एका मालकाने "टाइल्स इटालियन आहेत" म्हणून नकार दिला. बरं झालं, त्या टाइल्सवर कोरड्या पायांनीसुद्धा घसरायला होत होतं.

गावचं घर लगेच विकू नका. त्याची किल्ली अण्णांच्याच खिशात राहू द्या.

मजला, लिफ्ट, रस्ता

तळमजला बरा, असं सगळे सांगतात. माझं मत वेगळं आहे. तळमजल्यावर डास, ओल, पार्किंगचा आवाज, आणि दिवसभर दार-खिडक्या बंद. लिफ्ट असेल तर पहिला किंवा दुसरा मजला घ्या. लिफ्ट बंद पडली तरी दोन्ही हातांनी कठडा धरून, वेळ लागला तरी, माणूस खाली उतरू शकतो. सातव्या मजल्यावर तो अडकतो. लिफ्ट जनरेटरवर चालते का हे सेक्रेटरीला नको, वॉचमनला विचारा. लिफ्टच्या दारातून चाकाची खुर्ची आत जाते का तेही मोजा. पार्किंगमधून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या असतील तर बाजूला उतार आहे का बघा. उतार नुसता असून भागत नाही. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी. त्याहून उभा उतार मोटारसायकलसाठी असतो, माणसासाठी नव्हे.

घर पसंत पडलं की सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला त्या रस्त्याने एकदा चाला, आणि तुमच्या नव्हे तर अण्णांच्या वेगाने. फूटपाथ आहे का, त्यावर गाड्या लावल्यात का, रस्ता ओलांडायला किती वेळ मिळतो. तीनशे-चारशे पावलांच्या आत मला पाच गोष्टी हव्या होत्या: औषधाचं दुकान, भाजी, देऊळ, पिठाची गिरणी आणि बसायला बाकडं. गिरणीला सगळे हसले. पण दळण ठेवायला जायचं आणि तासाभराने आणायला जायचं, एवढ्यात आईची सकाळ सरते आणि चार बायकांशी बोलणंही होतं. आपत्कालीन विभाग चोवीस तास चालू असलेलं हॉस्पिटल रात्री किती मिनिटांत गाठता येतं हे एकदा रात्री गाडी काढूनच बघा.

बाथरूम: इथे पैसे वाचवू नका

बाकी घरात जुगाड चालतो. इथे नाही.

पहिली गोष्ट दार. फ्लॅटमधली बाथरूमची दारं बहुतेक आत उघडतात. माणूस आत पडला तर तो दारालाच टेकून पडतो आणि बाहेरून दार ढकलता येत नाही. सुतार बोलवून दार बाहेर उघडणारं करून घ्या किंवा सरकतं बसवा. कडी काढून टाका आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असं लॉक लावा. आईला कडी नसलेलं बाथरूम पटत नव्हतं. तिला लाज वाटायची. या लॉकवर तडजोड झाली.

दुसरी गोष्ट दांड्या. टॉवेल अडकवायची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. ती अंगाचं वजन घेत नाही, उपटून हातात येते. ऑनलाइन मिळणारी, रबराने चिकटणारी हँडलंही घेऊ नका. आधी फुकाचा भरवसा देतात आणि नेमक्या वेळी सुटतात. स्टीलची, मुठीत नीट मावेल अशी, म्हणजे सुमारे दीड इंच जाडीची दांडी घ्या. नव्या बिल्डिंगमध्ये भिंती बहुधा सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात. त्यात साधा प्लग दोन महिन्यांत ढिला पडतो. सायपोरेक्ससाठीचे वेगळे अँकर मिळतात, किंवा भिंतीच्या पलीकडून पट्टी लावून आरपार बोल्ट घालतात. बसवून झाल्यावर मी स्वतः दांडीला लोंबकळून बघितलं. मिस्त्रीला ते आवडलं नाही.

दांड्या तीन ठिकाणी लागतात: कमोडशेजारी, नळाजवळ आणि दारातून आत पाऊल टाकतो तिथे. ही तिसरी बहुतेक लोक विसरतात.

कमोडची बैठक साधारण सोळा इंच उंच असते. गुडघे दुखणाऱ्याला अठरा-एकोणीस लागतात. नवा कमोड बसवायची गरज नाही, वरून बसणारी उंच बैठक मिळते. मात्र ती क्लिपने घट्ट बसणारी हवी, नुसती ठेवलेली नको. अंघोळीला पाट नको. रबरी पायांचं, पाठ असलेलं प्लास्टिकचं स्टूल आणि हँडशॉवर. आईला तांब्या-बादलीशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही, म्हणून बादली राहिली, पण तिला चौरंगावर चढवलं. वाकणं वाचलं.

फरशी गुळगुळीत असेल तर ती उपटण्याआधी मॅट फिनिशच्या टाइल्स वरूनच चिकटवता येतात का विचारा. मात्र उंची वाढून दारात नवा उंबरा तयार होत नाही ना, ते बघा. आणि साबण. खरं तर माणूस नुसत्या पाण्यापेक्षा साबणाच्या थराने जास्त घसरतो. फरशी रोज घासली गेली पाहिजे.

बिछाना ते संडास

रात्रीची ही वाट म्हणजे घरातला मुख्य रस्ता. तिच्यावर काहीही नको: स्टूल नाही, चार्जरची वायर नाही, पायपुसणं तर नाहीच. घसरणारी पायपुसणी मी सगळी टाकून दिली. वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर हालचाल टिपून लागणारे छोटे दिवे लावले. वरचा ट्यूबलाइट नको, मध्यरात्री डोळे दिपतात. पलंग इतकाच उंच हवा की काठावर बसल्यावर पावलं पूर्ण जमिनीला टेकतील. गादीसकट अठरा-वीस इंच धरा. सामान ठेवायचे बॉक्सचे पलंग बहुधा जास्त उंच होतात. उठल्यावर लगेच चालू लागायचं नाही, मिनिटभर काठावर बसायचं, हे अण्णांना रोज सांगावं लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

स्वयंपाकघरात रोजचं सगळं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर आणा. माळ्यावर काहीही ठेवू नका, म्हणजे स्टूलवर चढायचा मोह होणार नाही. पुरणयंत्र आणि मोठी पातेली आमच्याकडे माळ्यावर होती. एका होळीला मी ऑफिसात असताना आई चढलीच.

देवघराची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण याबद्दल कुठलाही आर्किटेक्ट बोलत नाही. आई साठ वर्षं पाटावर बसून पूजा करत आली. आता बसलं की उठता येत नव्हतं. "खुर्चीत बसून देव पुजायचे का?" हा तिचा प्रश्न. महिनाभर वाद झाला. शेवटी देवच वर आणले. कमरेच्या उंचीचं लाकडी कपाट करून त्यावर देव्हारा ठेवला, आणि ती उभ्याने पूजा करू लागली. कपाटाच्या कडेला एक दांडी बसवली, तिला फुलांची माळ अडकवायची सोय म्हणून.

कागदपत्रं, एका फाइलमध्ये

आधारवरचा पत्ता बदला, मतदार यादीतलं नाव हलवा. सत्तर पूर्ण झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचाराचं संरक्षण आहे. ते कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांत मिळून वापरायचं असतं, आणि फक्त योजनेतल्या हॉस्पिटलांत. जवळचं कोणतं हॉस्पिटल त्यात आहे ते आजारपणाआधी बघून ठेवा. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे (ऑगस्ट २०२२ पासून), पासष्ट ते पंचाहत्तर निम्मं तिकीट. अण्णा सुरुवातीला महिन्यातून एकदा फुकट एसटीने गावी जाऊन यायचे. जमीन बघायला, असं सांगून.

पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. केंद्राच्या पेन्शनरांना ऐंशीनंतर १ ऑक्टोबरपासून देता येतो. अण्णा पोस्टातून निवृत्त, पण नंतर वीस वर्षं शेती केली. बोटांचे ठसे झिजलेले. मशीनने तीनदा नकार दिला. घरी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला झाला, दहा मिनिटांत. सत्तरीपुढच्यांना बँकेने घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत जाऊन अर्ज द्या, आपण होऊन कोणी विचारणार नाही.

आता थोडं कडू. या सगळ्या धांदलीत कोणीतरी म्हणतं, "आता सगळं आमच्याच नावावर करून टाका ना." महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये आहे, बाकीचे अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. स्वस्त आहे म्हणून घाई करू नये. मी मुलगा असूनही सांगतो, हयातीत घर नावावर करून देऊ नका, मृत्युपत्र करा. द्यायचंच असेल तर "देखभाल करण्याच्या अटीवर" हे शब्द बक्षीसपत्रात स्पष्ट घाला. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७, त्याचं कलम २३ अशी अट मोडल्यावर व्यवहार रद्द करून घ्यायची वाट देतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. अट लिहिलेली नसेल तर ती होती हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी, हा गैरसमज अजूनही घराघरांत आहे. तसं नसतं.

पहिला महिना आणि दुपार

सकाळ कशीही जाते. दूध, पेपर, पूजा, अंघोळ. खरी अवघड वेळ दुपारी तीन ते साडेपाच. गावी त्या वेळी अण्णा पारावर असायचे. पुण्यात पहिले पंधरा दिवस ते वॉचमनच्या केबिनपाशी उभे राहायचे, येणाऱ्या प्रत्येक कुरिअरवाल्याला "कुठले तुम्ही?" विचारत. सोसायटीतल्या एकाने तक्रार केली. मी केबिनशेजारी सिमेंटचं बाकडं टाकायची परवानगी मागितली आणि पैसे भरले. आता तिथे चौघं बसतात. त्यांतला एक तोच तक्रार करणारा.

माणसाला काम द्या, करमणूक नको. दूध आणणं, वीजबिलाच्या मीटरचं रीडिंग लिहून ठेवणं, पाण्याच्या टँकरची नोंद. आपल्या भागातला ज्येष्ठ नागरिक संघ शोधा. राज्यभर असे संघ आहेत, फेस्कॉम ही त्यांची शिखर संस्था. पुण्यात महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, बागांतून हास्ययोगाचे वर्ग चालतात. पहिल्या तीन वेळा तुम्ही सोबत जा. एकट्याने नव्या घोळक्यात शिरणं ऐंशीव्या वर्षी शाळेच्या पहिल्या दिवसापेक्षा अवघड असतं. हास्ययोग अण्णांनी एका दिवसात सोडला. "कारण नसताना काय हसायचं?" भजनी मंडळात आई मात्र टिकली.

किल्लीची एक जोडी शेजाऱ्यांकडे द्या. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत एक कागद लावा: औषधं, आजार, रक्तगट, तुमचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०. "आम्ही पोलीस बोलतोय, तुमच्यावर व्हिडिओ कॉलवर नजर ठेवली आहे" असा फोन आला की तो बिनदिक्कत कापायचा, हे घरात दोनतीनदा नाटक करून शिकवा. असल्या फोनवर सांगतात तसा 'डिजिटल अटक' नावाचा प्रकारच भारतीय कायद्यात नाही.

माणूस ठेवायची वेळ आली तर

पोळ्यांच्या मावशी आणि चोवीस तासांची अटेंडंट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्यूरोकडून माणूस घेताना तीन गोष्टी लिहून घ्या: सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, आंघोळ घालणं आणि डायपर बदलणं कामात धरलंय का, आणि डिपॉझिट परत कसं मिळणार. पोलिसांकडून पडताळणी करून घ्या. पहिल्या दोन दिवशी तुम्ही घरी थांबा. आमच्याकडे आलेल्या पहिल्या बाई कामाला चोख होत्या, पण आईशी एक शब्द बोलायच्या नाहीत. आईने चौथ्या दिवशी त्यांना चहा करून दिला आणि पाचव्या दिवशी "नको" म्हणाली. ते ऐकावं लागतं.

डबा लावणार असाल तर आठवडाभर स्वतः खाऊन बघा. कवळी असलेल्याला हॉटेलछाप पोळी चावत नाही.

घरी जमणारच नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या वसाहतींचा पर्याय आहे. पुण्यात पाषाण-बाणेर भागातलं 'अथश्री' हे बऱ्याच वर्षांपासूनचं नाव. महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, निदान ९०० मिलिमीटर रुंद दारं, पायऱ्या नसलेले व्हरांडे, बाथरूममध्ये आधाराच्या दांड्या आणि न घसरणारी फरशी, हे सगळं त्यात आहे. टेप घेऊन जा आणि मोजा. माहितीपत्रकात नसलेले प्रश्न विचारा: माणूस अंथरुणाला खिळला तर इथेच ठेवणार का? दोघांपैकी एक गेला तर दुसऱ्याला खोली बदलावी लागेल का? घर मालकीचं की भाडेपट्ट्याचं? आणि रविवारी सजवलेल्या वेळी नको, मंगळवारी दुपारी तीन वाजता जाऊन या.

सहा महिन्यांनी भिंती परत बघा

घर एकदा लावलं की झालं, असं नसतं. दर सहा महिन्यांनी वही काढा आणि पहिल्यासारखेच दोन दिवस नुसते बघत बसा. गेल्या दिवाळीत रंगकाम काढण्याआधी मी भिंतींवरून नजर फिरवली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर, डावीकडे, नवा पुसटसा डाग होता. आईच्या डागांपेक्षा बराच वर. हा हात अण्णांचा होता. टेप लावला, उंची लिहिली आणि रंगाऱ्याच्या आधी सुताराला फोन केला.